निळ्या रेषेवरचा २१ नंबर: बोर्ये साल्मिंग

रिंकवाली

नमस्कार मंडळी. बर्फावरच्या हॉकीवर इथे कधी धागा आल्याचं मला आठवत नाही, म्हणून जरा मुळापासून लिहिते. लांब होईल, सांभाळून घ्या.

आम्ही टोरंटोजवळ मिसिसागाला राहतो. माझा लेक १२ वर्षांचा. सहाव्या वर्षापासून आइस हॉकी खेळतोय. म्हणजे गेले सहा हिवाळे शनिवारी पहाटे साडेपाचला मी कुठल्या ना कुठल्या रिंकच्या गार बाकावर थर्मास घेऊन बसलेली असते. मागच्या सप्टेंबरात कोचने त्याला फॉरवर्डमधून काढून डिफेन्सला टाकलं. घरी येताना पोरगं गाडीत हमसून हमसून रडलं. गोल मारणारे पुढे गेले आणि आपल्याला मागे ढकललं, एवढंच त्याला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कोचना भेटले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत, जन्म टोरंटोचाच. माझं सगळं ऐकून घेतलं आणि लेकाकडे वळून म्हणाले, "साल्मिंग कोण माहीत आहे? घरी जाऊन बघ."

घरी जाऊन आम्ही दोघांनी बघितलं. तेव्हापासून मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचतेय.

आधी खेळाचं थोडं. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे ६ जण असतात: एक गोली, दोन डिफेन्समन, तीन फॉरवर्ड. पक म्हणजे कडक रबराची चकती, ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाड, वजन १५६ ते १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. हातात घेऊन बघा, दगडच. मैदानावर आडव्या दोन निळ्या रेषा असतात. आपला संघ चढाई करत असतो तेव्हा डिफेन्समन त्या निळ्या रेषेवर उभे राहून पक बाहेर जाऊ देत नाहीत, आणि चढाई उलटली की तेच पहिले मागे पळतात. पळतात म्हणजे उलटे पळतात. समोरचा अंगावर येत असतो आणि तुम्ही त्याच्या छातीकडे बघत, पाठीमागे न बघता, तेवढ्याच वेगाने मागे सरकत असता. माझ्या लेकाला हे जमायला चार महिने लागले.

बोर्ये साल्मिंगचा जन्म १७ एप्रिल १९५१ चा, स्वीडनच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, किरुनाच्या बाजूला साल्मी नावाच्या वस्तीत. वडील सामी, म्हणजे तिकडचे मूळ रहिवासी. किरुना हे लोखंडाच्या खाणीचं गाव. बोर्ये पाच वर्षांचा असताना खाणीतल्या अपघातात वडील गेले. आईने मुलांना वाढवलं. थोरला भाऊ स्टिगही हॉकीच खेळायचा, आणि धाकटा त्याच्या मागे मागे बर्फावर. पुढे दोघंही दक्षिणेला येव्ले शहरातल्या ब्रिनेस क्लबकडून खेळले. त्या क्लबबरोबर बोर्येने १९७१ आणि १९७२ अशी दोन वर्षं स्वीडनचं अजिंक्यपद मिळवलं.

टोरंटोच्या 'मेपल लीफ्स' या संघाचे गेरी मॅकनमारा १९७२ च्या अखेरीस स्वीडनला गेले ते दुसऱ्याच खेळाडूंना हेरायला. कॅनडाचा एक हौशी संघ तिथे दौऱ्यावर होता आणि ब्रिनेसशी त्यांचा धसमुसळा सामना चालला होता. त्यात साल्मिंगला पंचांनी बाहेर काढलं. मॅकनमारा उठून थेट कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि विचारलं, टोरंटोकडून खेळशील का?

१९७३ मध्ये तो आला, सोबत इंगे हामारस्ट्रॉम, हाही स्वीडिश. त्या काळात एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक हॉकी लीग, जवळजवळ फक्त कॅनेडियन मुलांचं घर होतं. युरोपातले खेळाडू नाजूक, अंगावर आलं की पळ काढणारे, अशी ठाम समजूत. 'चिकन स्वीड' ही शिवी त्याच्या कानावर रोज पडायची. पहिला सामना बफेलोशी झाला, तो छान खेळला. दुसरा फिलाडेल्फियात. हा संघ मारामारीसाठीच ओळखला जायचा आणि पुढची दोन वर्षं, १९७४ आणि १९७५, स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपदही, त्यांनीच नेला. तिथे त्याला स्टिकने टोचणं, कडेच्या कठड्यावर आपटणं, ठोसे, सगळं झालं. तो मागे हटला नाही. आणि त्याने स्वतः गुंडगिरीही केली नाही. मार खायचा, उठायचा, पक घेऊन निघायचा.

हामारस्ट्रॉमच्या वाट्याला वेगळं आलं. लीफ्सचे मालक हॅरल्ड बॅलार्ड त्याच्याबद्दल जाहीरपणे म्हणाले होते की हा खिशात सहा अंडी घेऊन कोपऱ्यात गेला तरी एक फुटणार नाही. स्वतःच्या मालकाने असं बोलावं! तोही चांगला खेळाडू होता हो. मला त्याचंही वाईट वाटतं.

आता ज्या सामन्यासाठी कोचनी "घरी जाऊन बघ" म्हटलं, तो. एप्रिल १९७६, बाद फेरी, पुन्हा फिलाडेल्फियाच समोर. मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात मेल ब्रिजमनने साल्मिंगला इतकं बडवलं की ऑन्टारियो प्रांताच्या अॅटर्नी जनरलने फिलाडेल्फियाच्या खेळाडूंवर खटले भरले. हॉकीच्या मैदानातल्या मारामारीसाठी सरकार कोर्टात! आणि पुढच्याच सामन्यात हा माणूस, डिफेन्समन असून, पक घेऊन बचाव फोडून एकटा गोली बर्नी पॅरंटसमोर पोहोचला आणि गोल मारला. लीफ्सचं तेव्हाचं मैदान, मेपल लीफ गार्डन्स, अख्खं उभं राहिलं. कोच तेव्हा विशीतले, वरच्या स्वस्त रांगेत होते. सांगताना त्यांचा आवाज बसला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडा कप ही देशादेशांमधली स्पर्धा झाली. स्वीडनचा पिवळा शर्ट घालून साल्मिंग टोरंटोतच उतरला. खेळाडूंची नावं पुकारत असताना त्याचं नाव आलं आणि गर्दी उठून टाळ्या वाजवत राहिली. थांबेचना. समोर यजमान देशाचे लोक, आणि मान देतायत पाहुण्या संघाच्या खेळाडूला. मला स्वतःला परदेशात येऊन २० वर्षं झाली. ती चित्रफीत मी एकदाही कोरड्या डोळ्यांनी बघू शकलेले नाही.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. लेकाला शाळेत सोडायचंय.


मधली_फळी

ताई, फार सुंदर लिहिलंय. मी जमिनीवरची हॉकी खेळलो, पुण्यात, खडकीला. तीच खडकी जिथून धनराज पिल्ले आला. मी हाफ बॅक. तुमच्या लेकाचं रडणं मला पुरतं कळलं. पेपरात नाव यायचं ते गोल मारणाऱ्याचं. आमचं नाव यायचं ते चूक झाली तरच.

एक विचारायचं होतं. पेनल्टी कॉर्नरला आमच्यात एक जण गोलपोस्टमधून सुसाट सुटतो, मारणाऱ्याच्या थेट अंगावर. चेंडू त्याच्या नडगीवर बसला तरी चालेल पण गोलकडे जाता कामा नये. हे काम मी सात वर्षं केलं. तुमच्या या खेळात तसं काही असतं का?

दुसरं, फॉरवर्डची किंमत गोलवरून कळते. डिफेन्समन मोठा की लहान हे मोजतात कसं?


रिंकवाली

मधली_फळी, अगदी तेच असतं! त्याला शॉट ब्लॉक करणं म्हणतात आणि साल्मिंगची ती ओळखच होती. समोरचा स्टिक उगारून जोरदार फटका मारणार, ताशी दीडशे किलोमीटरच्या घरातला वेग, आणि हा आडवा होऊन त्याच्यासमोर. सत्तरच्या दशकातले त्याचे फोटो बघा, डोक्यावर हेल्मेटसुद्धा नाही, लांब केस मागे उडतायत. हल्लीचे सगळेच डिफेन्समन अंगावर पक घेतात, पण आताचे पॅड पुष्कळ जाड आहेत.

मोजण्याबद्दल. आइस हॉकीत गोल झाला की त्याआधी ज्यांनी पास दिला अशा दोघांपर्यंत असिस्ट मिळतो. म्हणजे मागून पक काढून देणाऱ्याचंही नाव लागतं. ही पद्धत मला फार न्यायाची वाटते. लीफ्सच्या शंभर वर्षांहून मोठ्या इतिहासात सर्वांत जास्त असिस्ट कोणाचे? एका डिफेन्समनचे, साल्मिंगचे, ६२०. सगळे फॉरवर्ड त्याच्या मागे. लीफ्सकडून १६ हंगाम, १,०९९ सामने, १४८ गोल. १९७६-७७ च्या एका हंगामात ६६ असिस्ट आणि १२ गोल.

दुसरं माप प्लस-मायनस. दोन्हीकडचे गडी समसमान असताना तुम्ही बर्फावर आहात आणि आपल्या संघाचा गोल झाला की अधिक १, आपल्यावर झाला की उणे १. त्याची अख्ख्या कारकिर्दीची बेरीज अधिक १७५ आहे. ऐंशीच्या दशकात लीफ्स किती वाईट खेळत होते हे टोरंटोत कोणालाही विचारा, मग या आकड्याचं वजन कळेल.


साधा_प्रश्न

लेख आवडला, पण एक शंका मनापासून विचारतो. याने स्टॅन्ली कप एकदाही जिंकला नाही. सर्वोत्तम डिफेन्समनसाठी जी नॉरिस ट्रॉफी देतात ती बॉबी ऑरला ८ वेळा, निकलास लिडस्ट्रॉमला ७ वेळा मिळाली. लिडस्ट्रॉम स्वीडनचाच, शिवाय ४ स्टॅन्ली कप. साल्मिंगला नॉरिस किती? शून्य. मग त्याच्यावर धागा काढावा असं त्याच्यात नक्की काय? भावना बाजूला ठेवून कोणी सांगेल का?


रिंकवाली

नॉरिससाठी तो दोनदा दुसरा आला, १९७७ आणि १९८० ला. लीगच्या वर्षाच्या सर्वोत्तम संघांत मात्र सलग सहा वेळा, १९७५ ते १९८०. कप नाही, खरं आहे. लीफ्सनी १९६७ नंतर कप बघितलेलाच नाही, साल्मिंग असतानाही नाही आणि नसतानाही नाही.

सर्वांत जवळ पोहोचले ते १९७८ ला. न्यू यॉर्क आयलँडर्सविरुद्ध सात सामन्यांची मालिका. चौथ्या सामन्यात समोरच्याची स्टिक साल्मिंगच्या डोळ्याला लागली आणि तो मालिकेतून बाद. लीफ्सनी तरी ती मालिका जादा वेळेत जिंकली, लॅनी मॅकडॉनल्डच्या गोलवर. पुढची फेरी मॉन्ट्रियलने घेतली. नंतर बॅलार्डनी चांगला जमलेला संघ मोडायला घेतला: १९७९ च्या डिसेंबरात मॅकडॉनल्डला दुसरीकडे पाठवलं, १९८२ च्या जानेवारीत कप्तान डॅरिल सिटलरही गेला. साल्मिंग राहिला. मित्र गेले, संघ ढासळला, आणि हा दर हंगामाला त्याच निळ्या रेषेवर उभा. हा माझ्यासाठी कपाच्या जागी ठेवण्यासारखा भाग आहे. तुम्हाला पटेलच असं नाही.


उत्तरध्रुव

मी १५ वर्षं स्टॉकहोमला आहे. थोडी भर घालतो.

आधी नाव. 'बोर्ये'तला पहिला स्वर मराठीत नाहीच. ओठ 'ओ'चे ठेवून 'ए' म्हणायचा. पण बोर्ये लिहिलंत ते ठीक आहे.

साधा_प्रश्न, लिडस्ट्रॉमशी तुलना आकड्यांत बरोबर आहे, काळात नाही. साल्मिंगच्या आधी एनएचएलमध्ये स्वीडनहून आलेले किती होते? उल्फ स्टर्नर १९६५ ला न्यू यॉर्क रेंजर्सकडून ४ सामने खेळून परतला. टॉमी बेरिमान १९७२ ला डेट्रॉइटला गेला. संपलं. युरोपात शिकलेला खेळाडू तिथे टिकतो, वर्षानुवर्षं टिकतो, आणि पहिल्या फळीत टिकतो, हे साल्मिंगने दाखवलं. एनएचएलमध्ये १,००० सामने गाठणारा, युरोपात शिकलेला तो पहिला खेळाडू, जानेवारी १९८८ ला.

आता लिडस्ट्रॉम. १९९१ च्या कॅनडा कपला स्वीडनच्या एकाच संघात ४० वर्षांचा साल्मिंग होता आणि २१ वर्षांचा लिडस्ट्रॉम. त्याच शरद ऋतूत लिडस्ट्रॉम डेट्रॉइटला एनएचएल सुरू करायला गेला. तो गेला तेव्हा त्याला चिकन म्हणणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. हे कोणामुळे?

आणखी एक. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने शंभर वर्षांचा सर्वोत्तम संघ निवडला. सहाच जागा. गोली त्रेत्याक, पुढे मकारोव, खार्लामोव आणि ग्रेट्स्की. डिफेन्सला फेतिसोव आणि साल्मिंग.

साल्मिंग उत्तर अमेरिकेहून परतल्यावर स्टॉकहोमच्या एआयके क्लबकडून १९९३ पर्यंत खेळला. १९९२ ला अल्बर्टव्हिलच्या ऑलिंपिकमध्येही होता. नंतर खेळाच्या साहित्याचा आणि अंतर्वस्त्रांचा धंदा त्याच्या नावाने चालला. इथल्या तरुण पोरांना साल्मिंग म्हटलं की आधी बूट आठवतात, आणि मग आजोबा लोक त्यांना समोर बसवून हॉकी सांगतात. माझे सासरे त्यातलेच.


साधा_प्रश्न

उत्तरध्रुव, हे माहीत नव्हतं. १९९१ च्या संघाचं वाचून मत बदललं. धन्यवाद.

पण मग हेही लिहा की कोकेनच्या प्रकरणात त्याच्यावर बंदी आली होती. लहान मुलाला आदर्श म्हणून दाखवताना ते वगळू नये.


रिंकवाली

बरोबर आहे तुमचं, मूळ लेखातच लिहायला हवं होतं. १९८६ ला त्याने वर्तमानपत्राला मुलाखत देताना स्वतःहून कबूल केलं की काही वर्षांपूर्वी आपण कोकेन घेतलं होतं. लीगने ८ सामन्यांची बंदी घातली. कोणी पकडलं नव्हतं, त्याने सांगितलं म्हणून कळलं. लेकाला मी हे सगळं सांगितलंय, चूकही आणि कबुलीही. त्याने विचारलं, "न सांगता राहिला असता तर?" मी म्हटलं, तर खेळायला मिळालं असतं. यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. ते घरातलंच राहू दे.

त्याच हंगामात, नोव्हेंबर १९८६ ला, डेट्रॉइटच्या सामन्यात गोलसमोर गर्दी झाली. साल्मिंग बर्फावर पडला होता आणि गेरार्ड गॅलंटच्या स्केटचं पातं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. कपाळापासून ओठाच्या बाजूपर्यंत. २०० हून जास्त टाके. तो फोटो मी लेकाला दाखवला नाही, त्याने स्वतःच शोधून काढला. स्केटचं पातं म्हणजे काय ते रोज धार लावायला नेणाऱ्या आईला विचारा. नखावरून नुसतं फिरवलं तरी पांढरा कीस निघतो. काही आठवड्यांत हा माणूस पुन्हा बर्फावर. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

१९८९ ला लीफ्सची साथ सुटली. एनएचएलमधला शेवटचा हंगाम तो डेट्रॉइटकडूनच खेळला.


लेह_ते_लोणंद

जय हिंद. मी सैन्यातून निवृत्त झालो, आता लोणंदजवळ शेती बघतो. दोन हिवाळे लेहला होतो. तिथे कारझू म्हणून तळं आहे, डिसेंबर-जानेवारीत घट्ट गोठतं. त्यावर पोरं आणि जवान आइस हॉकी खेळतात. पहाटे आधी तळ्यावरचा बर्फाचा भुगा झाडून काढायचा, मग खेळ. मी एकदाच स्केट घालून उभा राहिलो आणि लगेच पाठीवर पडलो. आमच्यातला एक लडाखी हवालदार उलटा पळायचा, ताईंनी लिहिलंय तसाच. मला तेव्हा वाटायचं हौस म्हणून करतो. आज कळलं ते बचावाचं काम होतं. ३० वर्षांनी कळलं.

२०२५ ला आपल्या महिला संघाने आशिया कपमध्ये कांस्य मिळवलं, त्यात बहुतेक मुली लडाखच्या. मूळ धाग्याशी संबंध थोडा, पण लिहावंसं वाटलं.


गोदाकाठ

सगळे प्रतिसाद वाचले. मी हॉकी बघत नाही. या माणसाचं नाव मला वेगळ्याच कारणाने माहीत आहे.

माझ्या वडिलांना मोटर न्यूरॉनचा आजार होता. एएलएस. सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून झाली, शर्टाचं बटण लागेना. आठ महिने एका रुग्णालयात मानेच्या मणक्याचे उपचार चालले, पट्टा, ट्रॅक्शन, व्यायाम. मग दुसऱ्या डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला सांगितली आणि टॉर्च मारला. जीभ आतून थरथरत होती, पाण्याखाली किडे वळवळावेत तशी. त्यांनी लगेच तपासण्या लिहून दिल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात, स्नायू वाळतात, बोलणं जातं, गिळणं जातं, शेवटी श्वास. डोकं बहुतेकांचं शाबूत राहतं, तेच सोसवत नाही. रिलुझोल नावाची गोळी वेग थोडा कमी करते, बरं करत नाही.

वडील अंथरुणाला खिळलेले असताना मी रात्री मोबाईलवर या आजाराबद्दल शोधत बसायचे. तेव्हा एका बातमीत टोरंटोच्या मैदानावरचा हा माणूस दिसला, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेला. नाव बघितलं आणि विसरले नाही. ताई, तुम्हाला माहीत असेल तर त्या संध्याकाळबद्दल लिहाल का?


रिंकवाली

गोदाकाठ, तुमच्या वडिलांबद्दल वाचून थोडा वेळ लिहिता आलं नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत त्याला पहिली लक्षणं जाणवली, जुलैत निदान झालं, १० ऑगस्टला लीफ्सनी जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये दरवर्षी टोरंटोत हॉकी हॉल ऑफ फेमचे दिवस असतात. तिथे १९९६ मध्ये दाखल झालेला साल्मिंग हा पहिला स्वीडिश. डॉक्टर काय म्हणाले असतील ते असो, तो एवढा प्रवास करून आला. ११ आणि १२ नोव्हेंबर, दोन संध्याकाळी. तोपर्यंत त्याचं बोलणं गेलं होतं. हात उचलत नव्हते.

तुम्ही बघितलात तो फोटो तिथलाच. एका बाजूला डॅरिल सिटलर, त्याच्या तरुणपणातला कप्तान. दुसऱ्या बाजूला मॅट्स सुंदिन, नंतरच्या काळातला लीफ्सचा स्वीडिश कप्तान. गर्दी उठली. साल्मिंगला हात हलवून उत्तर द्यायचं होतं आणि हात येत नव्हता. सिटलरने त्याचा हात धरून वर केला. सिटलर रडत होता, लपवतही नव्हता. साल्मिंगचा चेहरा आपण रडू आवरताना होतो तसा, पण त्याला आवरणंही जमत नव्हतं, स्नायू ऐकत नव्हते. तुम्ही हे घरात बघितलंय, तुम्हाला जास्त सांगायला नको.

१२ तारखेला व्हँकूव्हरविरुद्ध लीफ्सनी सामना सुरू करायला जे सहा जण बर्फावर पाठवले ते सहाही स्वीडिश होते. गोलीसकट. १९७३ ला दोघं आले होते.

२४ नोव्हेंबरला तो गेला. ७१ वर्षांचा होता. टोरंटोतून परतून दोन आठवडेही झाले नव्हते. रिंकच्या बाहेर चौकात लीफ्सच्या दिग्गजांचे ब्राँझचे पुतळे एका ग्रॅनाइटच्या बाकाशी उभारलेत, त्यात तो आहे. त्या आठवड्यात ऑफिसातून उतरून मी तिथून गेले होते. तेव्हा मला हा माणूस कोण ते माहीतही नव्हतं. पायाशी फुलं ठेवलेली दिसली आणि मी गाडी चुकेल म्हणून पुढे निघून गेले. हे आता मनाला लागतं.


गोदाकाठ

ताई, धन्यवाद. वडिलांचा हातही आम्ही असाच धरायचो, पाहुणे आले की नमस्कारासाठी. आज आईला हा फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, उजवीकडच्याने मनगट धरलंय, बरोबर धरलंय, कोपराला धरलं की दुखतं.


मधली_फळी

गोदाकाठ, आईंना माझा नमस्कार सांगा.

ताई, लेक आता कसा खेळतोय? अजून रागावलाय का कोचवर?


रिंकवाली

रागावलेला नाही. जर्सीवर २१ नंबर मागितला होता, तो संघातल्या दुसऱ्याकडे आहे म्हणून १२ घेतलाय, आकडे उलटे करून. लीफ्समध्ये तर २१ आता कोणीच घालू शकत नाही. तो साल्मिंगचा नंबर, २०१६ ला कायमचा निवृत्त केला.

काल सामन्यात त्याने पहिल्यांदा फटक्यासमोर गुडघा टेकला. मुलांना आडवं पडायला शिकवत नाहीत, एक गुडघा टेकून, स्टिक खाली, चेहरा बाजूला, असं शिकवतात. पक पॅडच्या खालच्या कडेला बसला, घोट्याच्या जरा वर. मोज्याची वीण कातडीवर उमटलीय आणि भोवती जांभळं झालंय. कोच काही बोलले नाहीत, बाकावर आल्यावर हेल्मेटवर दोनदा टकटक केलं, बस. आत्ता शेजारी बर्फाची पिशवी लावून बसलाय. धागा मी त्याला वाचून दाखवते, मराठी वाचायला अजून अडखळतो. तुम्हाला एक विचारायला सांगतोय: पेनल्टी कॉर्नरला धावत जायचात तेव्हा सगळ्यात जोरात कुठे लागलं होतं?


मधली_फळी

डाव्या नडगीवर, गुडघ्याच्या चार बोटं खाली. १९८४, खडकी. तेव्हा ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन भिरकावणं, नव्हता, सरळ हिट यायचा, आणि आम्हाला पुढे धावणाऱ्यांना मिळायचे ते कापडात वेताच्या पट्ट्या शिवलेले शिनगार्ड. गोल वाचला. हाडावर खड्डा पडलाय तो अजून बोटाला लागतो. त्याला फोटो खाजगी निरोपातून पाठवतो आज संध्याकाळी.